चाळिशीनंतर राष्ट्रीय कराटे स्पर्धेची पात्रता: कागदापासून मॅटपर्यंत, क्रमाने

चाळिशीच्या आसपासचे स्पर्धक जिल्ह्यातच गळतात, आणि त्यातले बरेचसे मॅटवर हरून गळत नाहीत. कुणाचा जन्माचा दाखला जुळत नाही. कुणी भलत्याच संघटनेच्या ‘नॅशनल’ची फी भरून मोकळं होतं. कुणाला आपल्या रक्तदाबाच्या गोळीत नेमकं काय आहे हे निवड झाल्यावर कळतं. मी स्वतः ४३ व्या वर्षी पुन्हा बेल्ट बांधला आणि माझं पहिलं वर्ष कागदांपायीच वाया गेलं. तेव्हापासून आमच्या क्लासमधल्या मोठ्या वयाच्या प्रत्येकाच्या मागे मी फाइल घेऊन लागते, तरी दर वर्षी कुणीतरी तीच चूक करतंच.

चूक क्रमाची असते. सगळे आधी घाम गाळतात, शेवटच्या आठवड्यात कागद शोधतात आणि डॉक्टरांकडे सर्वांत शेवटी, सहीपुरते जातात. खालचा क्रम जवळजवळ उलटा आहे. जिल्हा निवड चाचणीच्या किमान सहा महिने आधी सुरुवात करा.

टप्पा १ : आधी संघटना, मग स्पर्धा

आपल्याकडे ‘राष्ट्रीय कराटे स्पर्धा’ असा बॅनर कुठल्याही हॉलवर लागू शकतो. फी भरली की प्रवेश, चार राज्यांतून पोरं आली की ‘नॅशनल’. अशा खुल्या स्पर्धा वाईट नसतात, सरावाला तर उत्तमच. पण तिथलं मेडल म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची पात्रता नव्हे, आणि त्या प्रमाणपत्रावर राज्याच्या संघातही जागा मिळत नाही.

जागतिक कराटे महासंघाशी, म्हणजे डब्ल्यूकेएफशी, जोडलेली भारतातली संघटना कराटे इंडिया ऑर्गनायझेशन ही आहे. तिथे पोहोचायची शिडी ठरलेली आहे: जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय. तुमचं नाव राज्य संघटनेमार्फत जातं. थेट स्वतःच्या नावाने प्रवेशिका भरायची सोय नसते. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वाडो-र्यू अशा शैलींच्या स्वतंत्र संघटनाही आपापल्या राष्ट्रीय स्पर्धा घेतात आणि त्यांतल्या काहींमध्ये ज्येष्ठांसाठी वेगळे गट असतात. तो दुसरा रस्ता. दोन्ही चांगले, पण आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे पहिल्याच दिवशी ठरवा. नियम, साहित्य आणि वयोगट सगळंच त्यावर अवलंबून आहे.

तुमच्या सरांना किंवा सेन्सेईंना तीन प्रश्न सरळ विचारा. आपला क्लास जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का? या वर्षीचं संलग्नता शुल्क भरलं आहे का? आणि जिल्हा संघटना कुठल्या राज्य संघटनेकडे नावं पाठवते? विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. आपल्याकडे सरांना असं विचारणं उद्धटपणाचं मानलं जातं. पण चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही. ते संलग्नतेचं पत्र काढून समोर ठेवतात.

*तपासणी:* राज्य संघटनेचं नाव तुम्ही स्वतः राष्ट्रीय संघटनेच्या यादीत आणि राष्ट्रीय संघटनेचं नाव डब्ल्यूकेएफच्या सदस्य यादीत पाहिलंत का? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो धरू नका.

टप्पा २ : वयोगट आणि प्रकार

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: ‘आमचं वय झालं, सीनियर गटात घेणार नाहीत.’ डब्ल्यूकेएफच्या नियमांत सीनियर कुमिते (समोरासमोरची लढत) १८ वर्षांपासून आणि सीनियर काता (एकट्याने करायचा ठरावीक हालचालींचा क्रम) १६ वर्षांपासून सुरू होतो. ‘सीनियर’ म्हणजे मोठ्यांचा गट. त्याला वरची वयोमर्यादा नाही. म्हणजे ४२ वर्षांची व्यक्ती नियमाने त्या गटात उतरू शकते. उतरावं का, हा वेगळा प्रश्न.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या स्पर्धेत ज्येष्ठांचा गट आहे तिथे आधी त्यात जा. ज्येष्ठांचा गट नसेल आणि राष्ट्रीय गाठायचंच असेल, तर काताची वाट जास्त खरी आहे. बावीस वर्षांच्या मुलाशी तीन मिनिटं कुमिते खेळताना आपली नजर आणि डावपेच पुरतात, पण पोटरी पुरत नाही. कातामध्ये वीस वर्षांचा सराव डोळ्यांना दिसतो.

ज्येष्ठांचे गट प्रत्येक संघटना आपल्या पद्धतीने पाडते. कुठे ३५ पासून, कुठे ४० पासून, पुढे पाच किंवा दहा वर्षांचे टप्पे. म्हणून परिपत्रकातल्या दोन ओळी अधोरेखित करा: गटाची सुरुवात, आणि वय कुठल्या तारखेला मोजणार. डब्ल्यूकेएफच्या स्पर्धांत वय स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मोजतात. काही आयोजक वर्षातली एक ठरावीक तारीख धरतात. जिल्हा चाचणी आणि राष्ट्रीय स्पर्धा यांच्या मधे तुमचा वाढदिवस येत असेल तर गट बदलू शकतो, आणि मग ‘मी तर चाळीसच्या आतल्यांत जिंकलो होतो’ या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

कुमितेचे वजनगटही आत्ताच पाहून घ्या. डब्ल्यूकेएफ सीनियरमध्ये पुरुषांसाठी ६०, ६७, ७५ आणि ८४ किलोपर्यंत व ८४ च्या वर. महिलांसाठी ५०, ५५, ६१ आणि ६८ पर्यंत व ६८ च्या वर. ज्येष्ठांत बऱ्याचदा दोन-तीनच वजनगट ठेवतात.

*इशारा:* नावं कमी आली की ज्येष्ठांचा गट रद्द होतो किंवा शेजारच्या गटात मिसळतो. आपल्या जिल्ह्यातल्या समवयस्कांना आधीच गोळा करा आणि जिल्हा संघटनेला लेखी कळवा की या गटात इतके जण उतरणार आहेत. चार जणांचं एक पत्र गेलं तर गट वाचण्याची शक्यता वाढते.

टप्पा ३ : कागदपत्रं

सगळ्यात जास्त माणसं इथे पडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

साधारणपणे लागतं ते असं: जन्मतारखेचा पुरावा, आधार, ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, फोटो, क्लासचं पत्र आणि खेळाडू नोंदणी. यादी छोटी दिसते. अडचण अशी की पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचे हे कागद तीस-चाळीस वर्षांच्या अंतराने तयार झालेले असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

पहिली अडचण जन्मतारखेची. आपल्याकडे कित्येकांची शाळेतली जन्मतारीख १ जून आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. नगरपालिकेचा दाखला नंतर काढला तर त्यावर वेगळीच तारीख निघते. शिवाय जुन्या आधार कार्डांवर अनेकदा फक्त जन्मवर्ष छापलेलं आहे, पूर्ण तारीख नाही. वयोगटाच्या पडताळणीला ते चालत नाही. कुठली तारीख सोयीची हे बघू नका. पासपोर्ट, पॅन आणि आधारवर जी एकच तारीख कायदेशीरपणे टिकते ती धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. आधारमधली जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईत चुकीची दुरुस्ती करू नका.

दुसरी अडचण आम्हा बायकांची. माझं ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं. नोंदणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत.” कागदावर त्या खरोखर दोनच होत्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत सोबत असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. ती घरी कपाटात होती आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. पुरुषांचंही वेगळं नाही: कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनाव आधी, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त.

हे या क्रमाने करा:

१. सगळे कागद टेबलावर एका ओळीत मांडा आणि नाव, जन्मतारीख, स्पेलिंग ताडून बघा.
२. जिथे फरक आहे तिथे जोडणारा कागद शोधा: विवाह प्रमाणपत्र, राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र.
३. ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र ज्या संघटनेचं आहे ती आज चालू आहे का आणि राज्य संघटना ते मानते का, हे विचारा. मानत नसेल तर पुन्हा ग्रेडिंग (बेल्टची परीक्षा) द्यावं लागेल, आणि ग्रेडिंगच्या तारखा वर्षात मोजक्याच असतात.
४. सगळ्याचे तीन संच करा, एक मूळ कागदांचा आणि दोन स्वाक्षांकित प्रतींचे. मोबाइलमध्ये पीडीएफही ठेवा.

*तपासणी:* नोंदणी क्रमांक हातात आला का? ‘फॉर्म दिला आहे’ म्हणजे नोंदणी झाली असं नाही. पैसे भरल्याची पावती आणि क्रमांक दोन्ही हवेत.

टप्पा ४ : डॉक्टर आणि गोळ्या

वैद्यकीय दाखला घ्यायला जाल तेव्हा डॉक्टरांना फक्त ‘कराटे’ म्हणू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर सोसायटीच्या मैदानात ओरडणारी लहान मुलं येतात आणि ते सही करून देतात. मोबाइलवर कुमितेच्या लढतीचा एक व्हिडिओ दाखवा. सांगा की तीन मिनिटं पूर्ण जोर लागतो, डोक्याला स्पर्श होतो आणि दिवसात अशा चार-पाच लढती असू शकतात. मग ते रक्तदाब, साखर आणि ईसीजी बघतील आणि गरज वाटली तर ट्रेडमिलवरची ताण-चाचणी करायला सांगतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. कुमितेचा निर्णय त्यावर बदलू शकतो.

आता उत्तेजक चाचणीचा भाग. ‘आपल्या वयाला कोण तपासतंय’ असं म्हणून हा सोडू नका. राष्ट्रीय स्पर्धेत नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, पथक येऊ शकतं, आणि आपल्या वयाची रोजची औषधंच इथे अडकवतात.

रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर ते लघवी वाढवणारं औषध आहे आणि त्यावर स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, कायमच बंदी आहे. गोळीच्या नावाच्या शेवटी ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल तर पट्टी उलटून घटक वाचाच. इन्सुलिनलाही परवानगी लागते. मेटफॉर्मिनवर बंदी नाही. गुडघ्यात किंवा खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याची आपल्यात सवयच आहे; २०२२ पासून इंजेक्शनने घेतलेल्या अशा स्टेरॉइडवर स्पर्धाकाळात बंदी आहे, आणि औषध शरीरातून जायला काही दिवस, कधी कधी काही आठवडे लागतात. वेदनाशामक ट्रॅमाडॉलवर २०२४ पासून स्पर्धाकाळात बंदी आहे. जिममधल्या मित्राने दिलेले ‘टेस्टोस्टेरॉन वाढवणारे’ डबे तर हातही लावू नका.

यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना पर्यायी औषध विचारा. पर्याय नसेल तर टीयूई, म्हणजे उपचारासाठी औषध वापरण्याची परवानगी, मागता येते. अर्ज स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी जायला हवा.

*इशारा:* रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी स्वतःहून बंद करू नका. एकही दिवस नाही. मेडलपेक्षा तुम्ही घरी परत येणं मोठं आहे.

टप्पा ५ : सोळा आठवड्यांचा सराव

तंत्र तुमच्या सरांकडून शिका. मी फक्त वयामुळे जे बदलावं लागतं ते सांगते.

आठवड्यात कराटेचे तीन दिवस, ताकदीचे दोन दिवस आणि दोन दिवस खरी विश्रांती. जोरदार स्पॅरिंगनंतर (सरावातल्या लढतीनंतर) ४८ तास पुन्हा स्पॅरिंग नको. पोटऱ्या आणि टाचेमागचा स्नायूबंध हा आपला सगळ्यात कच्चा दुवा. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, पंधरा-पंधराचे तीन फेरे, आठवड्यात तीन वेळा. दिसायला क्षुल्लक आहे, पण आमच्या क्लासमध्ये उडी मारताना ‘मागून कुणी लाथ मारली का’ म्हणून वळून पाहिलेले दोघे आहेत. मागे कुणीच नव्हतं. स्नायूबंध तुटला होता. त्या वेदनेची खूण तीच.

खडू किंवा टेप घेऊन हॉलमध्ये ८ मीटर बाय ८ मीटरचा चौकोन आखा. लढतीची मॅट एवढीच असते. मोठ्या हॉलमध्ये मोकळं मागे सरकायची सवय झालेले स्पर्धक पहिल्याच लढतीत दोनदा बाहेर जातात आणि ताकीद खातात.

जुन्या पद्धतीने शिकलेल्यांची आणखी एक चूक म्हणजे जोर. आपल्याला एका ठोशात निकाल शिकवला गेला. डब्ल्यूकेएफच्या नियमांत चेहऱ्यावरचा ठोसा नियंत्रित हवा. जोरात बसला तर गुण नाही, वर दंड. गुणांचं गणित पाठ करा: हाताच्या प्रहाराला यूको १, छाती-पोटाच्या पातळीवरच्या लाथेला वाझा-आरी २, डोक्यावरच्या लाथेला किंवा खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावरच्या प्रहाराला इप्पोन ३. आठ गुणांची आघाडी झाली की लढत संपते. चाळिशीत डोक्यावरच्या लाथेच्या मागे लागण्यापेक्षा पोटातला ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) आणि पोटाच्या पातळीवरची मावाशी-गेरी (बाजूने फिरवून मारलेली लाथ) एवढी दोन शस्त्रं धारदार करा.

कातावाल्यांनी डब्ल्यूकेएफच्या १०२ नावांच्या यादीतून चार निवडा आणि चारही सारख्याच तयारीचे ठेवा. अंतिम फेरीसाठी एकच राखून बाकीचे कच्चे ठेवले तर अंतिम फेरी येतच नाही. उडी आणि वळण असलेला काता गुडघ्यांना विचारून निवडा.

शेवटच्या सहा आठवड्यांत एक सराव नक्की करा. पूर्ण वॉर्म-अप, मग तीन मिनिटांची लढत किंवा एक काता. मग चाळीस मिनिटं बाकावर नुसतं बसायचं. पुन्हा वॉर्म-अप, पुन्हा लढत. असे चार वेळा. स्पर्धेच्या दिवशी दमछाक लढतीने होत नाही, बसण्याने होते. सिमेंटच्या पायऱ्यांवर दोन तास बसल्यावर कंबर लाकडासारखी होते आणि तेवढ्यात माइकवर नाव पुकारलं जातं.

टप्पा ६ : साहित्य, दागिने, चष्मा

हा टप्पा स्पर्धेच्या एक महिना आधी पूर्ण व्हायला हवा.

*चष्मा.* कुमितेत चष्मा चालत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स स्वतःच्या जबाबदारीवर चालतात. आपल्यातल्या बहुतेकांना जवळचा-लांबचा नंबर आहे, आणि चष्मा काढल्यावर अंतराचा अंदाज हातभर चुकतो. पहिल्या दिवशी मी जिथे ठोसा थांबवला असं समजत होते, तिथे समोरच्या मुलीचं नाक होतं. किमान आठ आठवडे लेन्स लावून किंवा चष्म्याविना स्पॅरिंग करा.

*जोडवी, अंगठी, मंगळसूत्र, नथनी, गंडे-दोरे.* धातूची कुठलीही वस्तू अंगावर चालत नाही. वीस वर्षं बोटात असलेली जोडवी कॉल रूममध्ये (लढतीआधी थांबायच्या खोलीत) निघत नाहीत. बोट सुजतं आणि रडू येतं. आठवडाभर आधी घरी साबण लावून, बोटाला दोरा गुंडाळून काढून ठेवा. निघत नसतील तर सोनाराकडे जा. केसांच्या धातूच्या पिनाही नकोत, साधं रबर लावा.

*दात.* काढता येणारी कवळी काढून ठेवायची. ब्रिज किंवा कॅप असेल तर बाजारातलं उकळून बसवायचं माऊथगार्ड नीट बसत नाही. दंतवैद्याकडून मापाचं करून घ्या.

*ड्रेस.* बाही मनगटाच्या पुढे नको आणि कोपर-मनगटाच्या मध्यापेक्षा आखूड नको, दुमडलेली तर मुळीच नको. पँटने नडगीचा दोन-तृतीयांश भाग झाकला पाहिजे, पण ती घोट्याच्या खाली उतरता कामा नये. मॅटवर लाल किंवा निळा बेल्ट बांधतात. आपला जुना, झिजलेला काळा बेल्ट कितीही जिवाभावाचा असला तरी तो बॅगेत राहतो. लाल आणि निळे ग्लोव्हज, शिनगार्ड, पायाचे गार्ड, बॉडी प्रोटेक्टर आणि महिलांसाठी चेस्टगार्ड मान्यताप्राप्त आहेत का, ते परिपत्रकाशी ताडून मगच विकत घ्या.

टप्पा ७ : निवड चाचणीचा दिवस

वजन आदल्या दिवशी असेल तर पोहोचल्या पोहोचल्या त्यांच्याच काट्यावर आधी चाचणीचं वजन करून बघा. डब्ल्यूकेएफच्या नियमांत सवलत २०० ग्रॅमची आणि अधिकृत वजन एकदाच. घरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. आणि या वयात पाणी तोडून वजन उतरवू नका. दोन किलोपेक्षा जास्त उतरवावं लागत असेल तर तुम्ही वरच्या गटाचे आहात.

ड्रॉ (कोण कुणाशी लढणार याचा तक्ता) लागला की फोटो काढा आणि नाव, गट, वजन, रंग वाचा. चूक असेल तर गट सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षकांमार्फत टेबलावर सांगा. पहिली लढत झाल्यावर तक्रार ऐकून घेत नाहीत. आपल्या आधी किती लढती आहेत ते मोजा आणि सहा लढती उरल्या की उठून वॉर्म-अप सुरू करा. छातीत दडपण किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच क्षणी थांबून डॉक्टरांना हात करा.

*तपासणी:* जिंकल्यावर लगेच घरी पळू नका. निवड यादीत पहिलाच जातो की पहिले दोन, राखीव कोण, आणि राज्य शिबिराची तारीख काय, हे लिहून घ्या.

टप्पा ८ : निवड झाल्यावर

राज्य संघाची फी, ट्रॅकसूटचं माप आणि ट्रेनची तिकिटं यांच्या मुदती लागोपाठ येतात. संघ व्यवस्थापकाचा नंबर घ्या आणि प्रत्येक रक्कम पावतीनेच द्या. नोकरी करणाऱ्यांनी रजेचा अर्ज निवड पत्राची प्रत जोडून त्याच आठवड्यात द्यावा. औषधांची चिठ्ठी, टीयूई मिळालं असेल तर त्याचं पत्र आणि तो कागदांचा तिसरा संच हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नाही.

शेवटचे दहा दिवस नवीन काही शिकू नका, स्पॅरिंग हलकं ठेवा आणि झोप भरपूर घ्या.

स्पर्धा संपली की प्रमाणपत्र घेताना टेबलावरच उघडून वाचा: नावाचं स्पेलिंग, गट, तारीख, सही, शिक्का. पुढच्या वर्षी नोंदणी करताना हाच कागद आधारच्या शेजारी ठेवला जाणार आहे.